हद्द कुणाची? ठाण्याचं पोलीस खातं आतून

[दृश्य: रात्रीचे साडेअकरा. लोकलमधून उतरणारी गर्दी, जिना, बाहेर रिक्षाची रांग.]

सात-आठ वर्षं झाली असतील. माझे बाबा रात्री उशिराच्या लोकलने उतरले, जिना उतरून रिक्षाच्या रांगेकडे निघाले आणि मागून कुणीतरी खांद्यावरची बॅग हिसकावून पळालं. बॅगेत पेन्शनचे कागद, बँकेचं पासबुक आणि वाचायचा चष्मा. बाबा आधी रेल्वे पोलिसांकडे गेले, तिथे विचारलं जिन्यावर झालं की रस्त्यावर, बाबा म्हणाले जिना संपतो ना तिथे, मग सांगितलं की ती आमची हद्द नाही, शहर पोलिसांकडे जा. तिकडे गेले तर म्हणे जिना रेल्वेचा, तिकडेच जावं लागेल काका. मला फोन आला तेव्हा ते या दोन ठिकाणांच्या मधे एका बंद टपरीच्या कट्ट्यावर बसले होते. कुठलं स्टेशन, कुठलं पोलीस ठाणं ते सांगत नाही, त्याला आता अर्थ नाही. पण तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसलाय. हद्द. आणि मग मी शोधायला लागलो की ही हद्द ठरते कशी, पोलीस खातं आतून चालतं कसं, आणि आपल्यासारख्याने रात्री अकराला नेमकं कुणाच्या टेबलासमोर उभं राहायचं.

[दृश्य: खारकर आळी, खाडीकडची बाजू, आयुक्तालयाचं गेट.]

ठाणे शहर पोलीस आयुक्तालय सुरू झालं १९८१ साली. नाव ठाणे शहर आहे, पण पसारा बघा, ठाणे, कळवा, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि पार बदलापूरपर्यंत. चार महापालिका आणि दोन नगरपालिका एका आयुक्तांच्या हाताखाली. त्याचे पाच तुकडे केलेत, त्यांना परिमंडळ म्हणतात, ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर आणि वागळे इस्टेट. प्रत्येक परिमंडळाला एक उपायुक्त म्हणजे डीसीपी, त्यांच्या हाताखाली सहायक आयुक्त म्हणजे एसीपी, एकेका एसीपीकडे काही पोलीस ठाणी, आणि प्रत्येक ठाण्याचा प्रमुख म्हणजे वरिष्ठ पोलीस निरीक्षक, ज्यांना आत सगळे नुसतं ‘सिनियर’ म्हणतात.

आता गंमत अशी की आपला ठाणे जिल्हा एक, पण त्यात पोलीस प्रमुख पाच. ठाणे शहरचे आयुक्त. वाशी, नेरूळ, ऐरोलीसाठी नवी मुंबईचे आयुक्त, ते आयुक्तालय १९९४ पासूनचं, आणि त्यांची हद्द पुढे पनवेल-उरणपर्यंत रायगड जिल्ह्यात जाते. मीरा रोड, भाईंदरसाठी २०२० मधे झालेलं मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. मुरबाड, शहापूरकडे ठाणे ग्रामीण, तिथे आयुक्त नसतात, पोलीस अधीक्षक असतात. आणि रेल्वेच्या आवारात लोहमार्ग पोलीस, त्यांचे आयुक्त वेगळे, मुंबईत. शिवाय आरपीएफ, ते तर केंद्राचं दल, त्यांचं मुख्य काम रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी सांभाळणं. म्हणजे माझे बाबा त्या रात्री जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते ती नुसती पायरी नव्हती, दोन आयुक्तालयांची सीमा होती.

नावांचा घोळ तर विचारूच नका. ‘मानपाडा पोलीस स्टेशन’ मोबाईलवर शोधून निघालात तर डोंबिवलीत पोचाल, घोडबंदर रोडच्या मानपाड्याच्या बाजूला आहे ते चितळसर पोलीस ठाणं. घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

लोकांना अजून एक वाटतं की महापालिकेचं शहर म्हणजे पोलीसही महापालिकेचे, नगरसेवकाला फोन केला की सिनियरची बदली. तसं नाहीये. पोलीस राज्याच्या गृह खात्याचे, आयुक्त उत्तर देतात पोलीस महासंचालकांना आणि सरकारला. महापौरांचा त्यांच्यावर अधिकार नाही. फेरीवाले हटवायला येतं ते महापालिकेचं अतिक्रमण पथक, पोलीस तिथे फक्त बंदोबस्ताला असतात, पण वर्दी दिसते म्हणून शिव्या त्यांनाच पडतात.

आयुक्त आणि अधीक्षक, फरक फक्त पाटीचा नाही. ग्रामीण भागात जमावबंदी लावायची, कुणाला तडीपार करायचं, बंदुकीचा परवाना द्यायचा, तर कलेक्टर, प्रांत, तहसीलदार अशी महसूलची माणसं लागतात. आयुक्तालयात कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलिसांकडेच असतात. मिरवणुकीला परवानगी द्यायची का, सराईत गुंडाला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली हद्दपार करायचं का, हे इथेच ठरतं. मोठ्या गर्दीच्या शहरात निर्णय पटकन व्हावा म्हणून ही पद्धत, आणि म्हणूनच इथला अधिकारी जरा जास्त जपून वागायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण पकडणारा आणि आदेश काढणारा एकाच इमारतीत बसतो.

[दृश्य: पोलीस ठाण्याचा पुढचा भाग. लाकडी टेबल, लँडलाईन, वायरलेसचा आवाज, जाड रजिस्टर.]

आता आत येऊया. आत शिरल्यावर समोर जे टेबल असतं ना, तिथे बसतो तो ठाणे अंमलदार. अख्ख्या खात्यातलं सगळ्यात महत्त्वाचं टेबल कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. डीसीपींचं नाव पेपरात येतं, पण सामान्य माणसाला खातं म्हणून जे भेटतं ते इथे. कुणाची सून घर सोडून आलीये, कुणाचं पोरगं क्लासवरून परतलं नाही, वरच्या मजल्यावाल्याने कुंडी पाडली, कुणीतरी नुसतंच रडतंय, आणि मागे वायरलेस अखंड बोलतोय. दिवसभरात घडलेलं सगळं वेळेसकट स्टेशन डायरीत जातं. कोण आलं, कोण गस्तीला गेलं, कुणाला आणलं, सगळं.

इथे दोन शब्द माहीत असायलाच हवेत. दखलपात्र आणि अदखलपात्र. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी, मारहाणीत हाड मोडलं, बलात्कार, खून, हे दखलपात्र, यात एफआयआर लिहायचाच, टाळता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मधे ललिता कुमारीच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. शिवीगाळ, किरकोळ ढकलाढकली वगैरे अदखलपात्र, त्याची एनसी, म्हणजे नुसती नोंद होते, आणि त्यात कोर्टाने सांगितल्याशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पुष्कळ लोक एनसीचा कागद घरी नेऊन तपासाची वाट बघत बसतात, महिनोन्महिने. तसंच मोबाईल चोरीला गेला असेल तर ‘गहाळ’चा दाखला घेऊन निघू नका. गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवला, चोरी म्हणजे कुणीतरी नेला. चोरी असेल तर चोरी म्हणून लिहून मागा, शांतपणे, पण मागा.

आणि हद्द? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १७३ मधे स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठेही घडला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायची. याला झिरो एफआयआर म्हणतात, आधी लिहायचा, मग ज्यांची हद्द त्यांच्याकडे पाठवायचा. पद्धत आधीपण होती, आता कायद्याच्या पुस्तकात आली. तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळते. ऑनलाईन दिलात तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. घेतलाच नाही तर डीसीपींकडे लेखी द्या, तिथे नाही झालं तर कोर्टात मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हे सगळं बाबांना त्या रात्री कुणीतरी सांगायला हवं होतं, मला तरी माहीत असायला हवं होतं.

[दृश्य: ठाण्याच्या आतली खोली, दोरीने बांधलेली गाठोडी, चिठ्ठ्या, जप्त केलेल्या बाईक्स.]

अंमलदाराच्या मागे बरीच माणसं असतात. एक पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक गुन्ह्यांचं बघतात, एक प्रशासनाचं. डीबी म्हणजे डिटेक्शनवाले, साध्या कपड्यात फिरणारे, चेन स्नॅचिंग झालं की हेच सीसीटीव्ही चाळत बसतात, एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, टू-व्हीलरचा नंबर अर्धा दिसला तरी चालेल म्हणून दिवस दिवस. गोपनीयवाला एक असतो, परिसरात काय शिजतंय त्याची खबर ठेवणारा. बीट मार्शल बाईकवर. समन्स-वॉरंट बजावणारे. आणि मुद्देमाल कारकून, हा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पंचनाम्यात पंचांसमोर जप्त झालेला चाकू, फोन, कपडे खटला उभा राहीपर्यंत त्याच्या ताब्यात असतात, आणि कोर्टात सील तुटलेलं निघालं तर सगळ्या तपासावर पाणी.

अटक झाली की चोवीस तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, हे राज्यघटनेच्या कलम २२ मधेच आहे. मग कोर्ट पोलीस कोठडी देतं, म्हणजे पीसीआर, किंवा न्यायालयीन कोठडी, ज्याला पोलीस एमसीआर म्हणतात. एमसीआर म्हणजे जेल, आणि ठाण्याचं जेल, ते जुन्या किल्ल्यातलं, पोलिसांचं नाहीये, कारागृह विभाग वेगळा. पण आरोपीला जेलमधून कोर्टात आणणारी जी ‘कैदी पार्टी’ असते ती पोलिसांची. गुन्हा किती मोठा त्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. नव्या कायद्यात झडतीचं व्हिडिओ शूटिंग आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसांनी जागेवर येणं हेही आलंय. चांगलंच आहे, पण हे सगळं करणारा तपासी अधिकारी तोच, ज्याच्याकडे आधीच ढीगभर केसेस आहेत आणि संध्याकाळी बंदोबस्तही आहे.

मोठे गुन्हे क्राइम ब्रांचच्या युनिटकडे जातात, खंडणी, ड्रग्ज, आर्थिक फसवणूक यांची वेगळी पथकं आहेत, त्यात आज शिरत नाही. सायबरचं मात्र एवढं लक्षात ठेवा, पैसे गेले की पहिला फोन १९३० या नंबरला, पोलीस ठाण्यात जायच्या आधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात, वेळेत कळलं तर बँकेत अडवता येतात. आणि कुठल्याही घाईत ११२. हा फोन लागतो नवी मुंबईत महापेला, तिथून निरोप जवळच्या गाडीत बसवलेल्या यंत्रावर येतो. हद्द विचारायचं काम मग त्यांचं, तुमचं नाही.

[दृश्य: माजिवडा पुलाखाली कंटेनरची रांग, शिट्टी, पाऊस.]

आता वाहतूक. घोडबंदरवाल्यांना वेगळं सांगायला नको. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातून निघालेला कंटेनर गुजरातला जातो तो नवी मुंबई, शीळफाटा, मुंब्रा बायपास, माजिवडा, मग घोडबंदर रोड आणि गायमुखचा घाट. म्हणजे एक ट्रक तीन आयुक्तालयांतून जातो, आणि ठाण्यात अवजड गाड्यांची वेळ ठरवली तर ती नवी मुंबईच्या टोकाला पाळली गेली पाहिजे, नाहीतर सगळं येऊन मुंब्र्यात तुंबतं. घाटात एक कंटेनर आडवा झाला की क्रेन मागवणं, उलटी लेन सुरू करणं, ॲम्ब्युलन्सला वाट काढणं, हे सगळं पावसात उभं राहून तीन-चार माणसं करत असतात. ते चलन फाडतात एवढंच आपल्याला दिसतं. खड्डा त्यांनी पाडलेला नसतो, पण पुष्कळदा खडी टाकून तो बुजवताना मी त्यांनाच बघितलंय.

[दृश्य: टेंभी नाका, रात्र, रोषणाई. बॅरिकेडजवळ उभी महिला शिपाई.]

आणि सण. टेंभी नाक्याची हंडी, तिथलीच नवरात्र, गणपतीत विसर्जन घाटांवरची रात्र, दिवाळी पहाटला तलावपाळी आणि राम मारुती रोडवर उसळलेली तरुण पोरं. आपण नटून निघतो त्या प्रत्येक दिवशी त्यांच्या रजा बंद. साकेतच्या मैदानावर पोलीस भरतीला धावणारी पोरं-पोरी मी बघितलीत, गावाहून रात्रीच आलेली, काही फुटपाथवरच झोपलेली, ५० मार्कांची मैदानी आणि १०० मार्कांची लेखी, त्यातून शिपाई होतात. फौजदार एमपीएससीतून, डीसीपी बहुतेक यूपीएससीतून नाहीतर बढतीने. पण बॅरिकेडपाशी बारा तास उभा असतो तो शिपाईच, आणि बाईमाणूस असेल तर जवळ धड बाथरूमपण नसतं. हे बदलायला पैसा फार लागत नाही, कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

[दृश्य: परत ते लाकडी टेबल. घड्याळ.]

बाबांचं राहिलं. मी पोचलो, आम्ही दोघं पुन्हा शहर पोलिसांकडे गेलो. मधल्या वेळात ड्युटी बदलली होती, टेबलावर एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी काही विचारायच्या आधी खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं, मग म्हणाले, “काका, जिन्याचं नंतर बघू, बॅगेत काय काय होतं ते सांगा.” सगळं लिहून घेतलं, मोठ्याने वाचून दाखवलं कारण बाबांकडे चष्मा नव्हता, आणि मग सही घेतली. बॅग मिळाली नाही. त्या प्रतीच्या जोरावर पासबुक आणि पेन्शनचे कागद नवीन करून मिळाले. प्रत अजून बाबांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या फाईलमधे आहे, आणि त्यावरची नोंदीची वेळ त्यांना तोंडपाठ आहे, रात्री १ वाजून ४० मिनिटं.