दिसले नाही, तेही लिहा

मित्रहो, निसर्गनिरीक्षणाला नव्याने लागलेल्या तरुणांना काहीतरी दुर्मीळ सापडावे अशी ओढ असते आणि त्यात वावगे काहीच नाही. २००६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात दहा-अकरा वर्षांच्या दोघा भावंडांना नऊ ठिपक्यांचा ढालकिडा सापडला. न्यूयॉर्कने ज्याला राज्यकीटकाचा मान दिला होता, तो हा कीटक देशाच्या पूर्व भागात तब्बल १४ वर्षांनी दिसत होता. पण त्या सापडण्याला एवढे मोल आले ते मधल्या काळात अनेकांनी तो शोधला आणि तो मिळाला नाही, हे ठाऊक होते म्हणूनच.

‘काही दिसले नाही’ ही नोंद नवख्याला निरुपयोगी वाटते. माझ्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित नोंद आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना, ओळखता आलेले सर्व पक्षी तुम्ही नोंदवले आहेत का, असे विचारले जाते, ते याचसाठी. उत्तर ‘होय’ असेल, तर यादीत नसलेला पक्षीही अभ्यासकाला काही सांगून जातो.

म्हणून एखाद्या तळ्याचा एकच काठ निवडा आणि ठरावीक अंतराने तिथेच जात राहा. वहीत आधी तारीख, वेळ, हवामान आणि किती जणांनी किती मिनिटे पाहिले ते लिहा. जीवांची नावे त्यानंतर. मिनिटे लिहिलेली नसतील, तर दहा चतुर दिसले हे पुष्कळ म्हणायचे की थोडे, ते ठरवता येत नाही. सुट्टीच्या दिवशी आणि रस्त्यालगतच नोंदींची गर्दी होते, हा या कामातला जुना दोष आहे; अधूनमधून आडवारी गेलेले बरे.

उडणाऱ्या चतुरापाशीच थांबू नका, कारण तो दुसऱ्या पाण्यावरून आलेला असू शकतो. काठावरच्या लव्हाळ्याच्या देठाला चिकटलेली, पाठीवर उकललेली, पाण्यातल्या अळीचा चतुर होताना मागे राहिलेली मातकट रंगाची पोकळ कात शोधा. त्या फटीतून लोंबणारे पांढरे धागे म्हणजे त्याच्या श्वासनलिकांचे अस्तर असते. चतुर याच पाण्यात वाढला याचा तो पुरावा होय. कातीचे छायाचित्र वरून आणि बाजूनेही घ्यावे. जाती ओळखता येत नसेल तर ‘चतुर’ एवढेच लिहावे. अंदाजाने ठोकून दिलेल्या नावापेक्षा ते केव्हाही चांगले.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ‘आयनॅचरलिस्ट’ हे निसर्गनोंदींचे संकेतस्थळ संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप धूसर करते. परंतु घरटे सामान्य पक्ष्याचे असले तरी त्याचा नेमका ठावठिकाणा, पिल्ले उडून जाईपर्यंत, आपल्या वहीतच ठेवावा.