ओटा लहान, माळा दूर

नमस्कार, श्रोतेहो. ठाण्याला नौपाड्यात आमची २४ बिऱ्हाडांची सोसायटी आहे आणि तिच्या ऑफिसात २०१० साली घेतलेला कॉम्प्युटर. रॅम दोन जीबी. इतकी वर्षं बिचारा मुकाट्याने मेंटेनन्सची बिलं काढत होता. मग आम्ही हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याला धापच लागली.

बटण दाबायचं, खाली टपरीवर कटिंग पिऊन यायचं, तरी पडद्यावर ते निळं वर्तुळ आपलं गरगरतंय. आतून कर्र कर्र आवाज. पुढचा लाल दिवा एरवी लुकलुकायचा, तो आता विझायलाच तयार नाही. एकदा वैतागून मी प्रिंटचं बटण चारदा दाबलं. अर्ध्या तासाने त्याने चारही हुकूम इमानेइतबारे पाळले. ९६ बिलं! खजिनदार म्हणाले, "वसुलीही चौपट करून दाखवा."

ही कर्रकर्र कसली? रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर अँटिव्हायरस आणि ब्राउझर आधीच पसरलेले. जागा संपली की कॉम्प्युटर थोडी भांडी माळ्यावर टाकतो, लागली की पुन्हा शिडी लावतो. फोडणी राहते बाजूला, चढउतारच चालू!

विंडोज १० ला किमान दोन जीबी पुरते, असं कागदावर होतं. पण हे 'किमान' म्हणजे सकाळच्या ठाणे लोकलमध्ये एक पाय टेकणं. प्रवास होतो, पेपर उघडता येत नाही. 'पास्कल' भाषेचे जनक निक्लाउस वर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलंय, की यंत्रं जितक्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावतं.

शेवटी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि रॅम चार जीबी केली. आता चहा यायच्या आत बिलं तयार असतात. विंडोज ११ मात्र इथे अधिकृतपणे चालणार नाही, त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रातच लागते. आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकायची की नवा कॉम्प्युटर घ्यायचा, यावर कमिटीत दोन तट पडलेत. मी लिनक्सवाल्यांत.

बाकी ती जास्तीची ७२ बिलं पाठकोरी होती. हे भाषण त्यांतल्याच तीन कागदांवर लिहून आणलंय.