लंगोट, कराटे ड्रेस आणि मे महिन्याचा घाम

(गच्ची. कपडे वाळत घातलेली दोरी.)

एकाच दोरीवर दोन कपडे लटकताहेत बघा. एक मांजरपाटाचा लंगोट, शेजारी पांढरा कराटे ड्रेस. लंगोट आजोबांचा, ड्रेस नातीचा, घर बेळगावातल्या शहापूरचं, महिना मे. सकाळी सातला दोन्ही धुऊन टाकले, आता नऊ वाजताहेत, लंगोट कडकडीत वाळलाय आणि ड्रेसच्या कॉलरमधनं अजून पाणी ठिबकतंय. आजोबांचं रोजचंच, "एवढं जाड घालून उन्हाळ्यात खेळतात काय गे?" आणि नात म्हणते, "मग काय लंगोट लावून जाऊ काय क्लासला?"

भांडण गमतीचं आहे पण प्रश्न खरा आहे. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, थंड हवेचं गाव म्हणून जुनी ख्याती, तरी एप्रिल-मेमध्ये पारा 36-37 वर जातोच, आणि तिकडं अथणी-रायबागला तर ऊन अंगावर येतं. नेमकी त्याच दिवसांत शाळेला सुट्टी, म्हणजे शिबिरं त्याच दिवसांत, म्हणजे कराटे, ज्युदो, लाठी, कुस्ती सगळं भर उन्हाळ्यात. मग घालायचं काय?

(तालीम. ठेंगणा दरवाजा, आतला अंधार, लाल माती.)

आधी तालमीत जाऊया. बाहेरनं आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. दरवाजा वाकून जावं लागेल एवढा ठेंगणा, भिंती जाड, उजेड कमी आणि मधे हौदा. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती रोज उकरतात, म्हणून ती ओलसर आणि गार राहते. पैलवानाच्या अंगावर फक्त लंगोट, वरनं फार तर जांघ्या. लोकांना वाटतं उकडतं म्हणून उघडे असतात. तसं नाही ओ, थंडीतही उघडेच असतात. कुस्तीत पकड अंगाची असते, मनगट, मान, मांडी, कंबर. शर्ट घालून उतरलं तर समोरचा शर्टच धरणार. घामानं अंग निसटायला लागलं की मूठभर माती घेऊन अंगाला चोळायची, पकड परत येते.

म्हणजे कपडा ठरवला तो समोरचा काय धरणार त्यावरनं. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढं सगळं ह्यावरच चाललंय.

(ज्युदोचा हॉल. मॅटवर आपटल्याचा आवाज.)

आता ह्याच्या बरोबर उलट. ज्युदोत पकड कपड्याचीच. कॉलर धरायची, बाही धरायची आणि फेकायचं. जिगोरो कानो ह्यांनी 1882 साली जपानात ज्युदो सुरू केला आणि तेव्हापासून हे जॅकेट दणकट होत गेलं. आज मोठ्या स्पर्धेत चालणारं कापड एका चौरस मीटरला 650 ते 750 ग्रॅम लागतं, आपल्या पांघरायच्या चादरीपेक्षा कितीतरी जड. ते पातळ करून चालत नाही, पहिल्याच ओढीत टराटरा फाटेल. तेव्हा ज्युदोवाल्याला कपडा कमी करायची सोय नाही, त्यानं वेळ बदलायची. सकाळी सहाला मॅटवर. संध्याकाळी पाचला पत्र्याच्या शेडखाली ते जॅकेट घालून उतरणं म्हणजे इडलीच्या भांड्यात बसल्यासारखंच की. दोन फेऱ्यांच्या मधे सरांना विचारून जॅकेट काढून पाच मिनिटं पंख्याखाली बसलं तर कुणाची इज्जत जात नाही.

(शाळेचं मैदान. पांढऱ्या ड्रेसमधली मुलं रांगेत.)

आणि कराटे? इथं मजा आहे. कराटे आलं ओकिनावा बेटावरनं, ते बेट गरम आणि दमट, जुन्या फोटोंत तिथले लोक उघड्या अंगानं, आखूड चड्डीवर सराव करताना दिसतात, म्हणजे आपल्या तालमीसारखंच. गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये कराटे टोकियोला घेऊन गेले, तिथं कानोंच्या ज्युदोची शिस्त होती, तो पांढरा ड्रेस आणि पट्टा कराटेनं तिथनं उचलला. पण कराटेत कॉलर धरून फेकाफेकी नावालाच. म्हणजे ज्युदोएवढं जाड कापड कराटेला लागतच नाही!

तरी लोक जाड घेतात. दुकानात ड्रेस कापडाच्या वजनावर, औंसात विकतात, 8 औंस म्हणजे हलका, 12-14 औंस म्हणजे कॅनव्हास. जाड ड्रेसला पंच मारला की सट् असा आवाज येतो, काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्यानं करून दाखवणाऱ्यांना तो हवा असतो, स्पर्धेला ठीक आहे. पण रोजच्या सरावाला मे महिन्यात त्या आवाजासाठी कॅनव्हास घालणं मला तरी पटत नाही. 8 औंसाचा कॉटन घ्या, जरा सैल, आणि दोन जोड घ्या. एक चांगला महागडा घेण्यापेक्षा दोन साधे बरे, कारण ओला ड्रेस बॅगेत दाबून दुसऱ्या दिवशी तोच घातला की नायटा ठरलेला. मी स्वतः एका उन्हाळ्यात कमरेला एवढा मोठा नायटा घेऊन हिंडलोय, मलम लावत दीड महिना, सांगायचीसुद्धा लाज.

आणि एक, स्वस्तात मिळतो म्हणून टेरीकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेला ड्रेस घेऊ नका. पॉलिस्टर स्वतः पाणी पीत नाही, आणि असा घट्ट विणलेला कपडा घाम आत धरून अंगाला चिकटतो. मग म्हणाल ते ड्रेसच्या आत घालायचे फिट टीशर्ट, रॅशगार्ड, तेही पॉलिस्टरचेच की? हो, पण ते ताणणारे, विरळ विणीचे, घाम पसरवून लवकर वाळणारे. मॅटवर घासून कातडी सोलते तिथं ते कामाचे. नुसत्या कराटेला ते वरनं जास्तीचा थर, शिवाय दोन दिवसांत असा वास मारतात की आई बाहेरच ठेवायला लावते. मुलींना आत काहीतरी लागतंच, त्यांनी पातळ टीशर्ट आणि नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा एवढंच ठेवावं, नायलॉनची स्लीप नको.

घाम येतो म्हणजे अंग गार होतं हा अर्धाच हिशेब आहे. घाम वाळला तर गार होतं. एक लिटर घाम वाळताना अंगातली साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच घाम टपटप खाली पडला तर पाणी गेलं आणि उष्णता तशीच राहिली. म्हणून वळवाच्या आधी खानापूरकडं हवा कोंदट झाली की कपडा कितीही पातळ असू दे, जीव घाबरतो. अथणीला उलटं, घाम आला कधी आणि वाळला कधी कळत नाही, पोरगं कोरडं दिसतं आणि आतनं पाणी संपत आलेलं असतं. ताक, आंबील, मीठ घातलेलं लिंबूपाणी, जे असेल ते, पण तहानेची वाट बघू नका.

(पहाट. मैदानावर धावणारी पोरं, एकाच्या अंगात रेनकोट.)

हे मात्र थांबवायला पाहिजे. वजन उतरवायला जर्किन किंवा रेनकोट घालून पळणं. कुस्तीतली पोरंही करतात, भरतीची तयारी करणारीही. त्यात घाम वाळायला जागाच नाही, उतरतं ते पाणी, दोन तांबे प्यायलं की काटा परत जागेवर. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना महिन्याभरात गेले, आणि त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. तीन तरणीताठी पोरं. अंगाचं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला की आधी कपडे काढा, गार पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

(लाठी फिरवणारी मुलं. सावली कुठंच नाही.)

लाठी आणि दांडपट्टा उघड्या मैदानात असतो, तिथं अंग उघडं ठेवणं चुकीचं. तालमीत सावली होती, इथं डोक्यावर सूर्य आहे. पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट, ढगळ सुरवार, डोक्याला पंचा नाहीतर सुती फेटा. पायात बूट ठेवा, दुपारी काँक्रीटच्या कोर्टवर अनवाणी उभं राहिलेल्या पोराचे तळवे पोळलेले बघितलेत मी. आपल्याकडं शिवजयंती तिथीनं, वैशाखात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, चित्ररथांच्या मिरवणुकीत खेळ दाखवायचा म्हणून भाड्यानं आणलेला सॅटिनचा चकचकीत अंगरखा चढवतात. मिरवणूक रात्रीची, त्या एका रात्रीला चालतंय. महिनाभराचा सराव त्यात करू नका, नुसती भट्टी असते ती.

आणि पहिला आठवडा सगळ्यांनीच जरा दमानं घ्या, अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात.

(परत गच्ची. दोरीवर आता तिसरा कपडा.)

आजोबांनी शेवटी काय केलं माहित आहे? आपला लंगोट शिवणाऱ्या टेलरकडं गेले आणि त्याच मांजरपाटाचा, कोपरापर्यंत बाह्यांचा, नातीच्या सरावासाठी कराटेचा वरचा अंगरखा शिवून घेतला. सर आधी हसले, मग हातात धरून बघितला आणि मे महिन्यापुरता चालेल म्हणाले. आता क्लासमधल्या आणखी चार पोरींनी ऑर्डर दिलीय. टेलर वैतागलाय, "लंगोटाला कधी माप घ्यावं लागत नव्हतं ओ."