उंचावरची जुनी गाडी आणि ऑक्टेनचा आकडा

मंडळी, उंचावर गाडी मरगळली की पहिला हात जातो तो जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलकडे. चूक तिथेच होते. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा जोर नव्हे. दाबाखाली आपणहून न पेटता ते किती तग धरतं, त्याचं ते माप. समुद्रसपाटीच्या मानाने १५०० मीटरवर हवेचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी कमी असतो, ३००० मीटरवर जवळपास ३० टक्क्यांनी. सिलिंडरमध्ये हवा कमी भरते, पिस्टन वर येताना दाब आणि उष्णता कमी चढते, म्हणून नॉकिंगही (पेट्रोल अवेळी आपणहून पेटून होणारी ठोकर) कमी. उंचावर जुन्या इंजिनाला ऑक्टेन उलट कमीच लागतं. ताकद गेली ती हवेअभावी; पेट्रोल बदलून ती परत येत नाही.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू. जुन्या पुस्तिकेत ९७ छापलं असेल तर तो बहुधा रिसर्च ऑक्टेनचा आकडा. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती, रिसर्च आणि मोटर. अमेरिकेत पंपावर असते ती या दोन आकड्यांची सरासरी, रिसर्चपेक्षा ४-५ने कमी. तिथलं ९१ म्हणजे इतरत्रचं साधारण ९५. रॉकी पर्वताकडच्या काही राज्यांत ८५ मिळतं, तेही याच सरासरीतलं. ८ किंवा त्याहून कमी कॉम्प्रेशन रेशोच्या (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) कार्बोरेटरवाल्या इंजिनाला ते वरती सहसा चालून जातं. ९.५च्या पुढच्या इंजिनात ते घालू नये, असं माझं मत. सुपरचार्जर असेल तर ही सवलत विसराच. तो विरळ हवाही दाबून भरतो.

खरी मेख पुढे आहे. टाकी भरली वरती, आणि उतरायचंय खाली. पायथ्याशी हवा पुन्हा दाट, आणि टाकीत निम्मं ८५ शिल्लक. त्यामुळे एका टाकीवर गाडी जिथवर खाली जाणार, तिथे लागेल त्या ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं.

नव्या गाडीत नॉक सेन्सर असतो, जुनीत तुमचे कान. इंजिन पूर्ण तापू द्या. मोकळ्या चढावर वरच्या गिअरमध्ये, ताशी ५०च्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खळखळ आली की पाय उचला. क्षणभर येऊन विरली तर काळजी नको. टिकून राहिली तर पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात, हेड गास्केट जातं. रस्त्यात असाल तर गिअर खाली घ्या आणि हलक्या पायाने चालवा. घरी आल्यावर डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, २ अंश मागे घ्या. टायमिंग वाचायचा स्ट्रोब दिवा लावण्याआधी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाची) नळी काढून तिचं तोंड बंद करा, नाहीतर वाचलेला आकडा खोटा. मग पुन्हा तोच चढ. ४-५ अंश मागे घेऊनही खळखळ थांबत नसेल तर वरच्या दर्जाचं पेट्रोल घ्या. टायमिंग आणखी मागे ओढलं की इंजिन तापतं आणि पेट्रोलही जास्त पितं.

मरगळीचं मूळ बहुतेकदा कार्बोरेटरमध्ये सापडतं. हवा विरळ झाली तरी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, तेवढाच, म्हणून मिश्रण १५०० मीटरवर सुमारे ७ टक्क्यांनी रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. प्लग काळे काजळलेले दिसतात आणि दोष पेट्रोलला जातो. मुक्काम कायम वरती असेल तर मेन जेट एक-दोन नंबर लहान घाला, टायमिंग २-३ अंश पुढे घ्या. पण हे केलंत की उंचीने दिलेली सवलत वापरून टाकलीत; उतरण्याआधी दोन्ही पूर्ववत हवं, कारण खाली तेच मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडतं आणि लीन मिश्रण लवकर नॉक करतं.

इंजिनाची हवेची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज १५०० मीटरवर साधारण ५ इंच कमी दाखवतो. त्यावरून पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून इंजिन उघडायला घेऊ नका. चढावर तापून गाडी बंद पडली आणि थंड झाल्यावर सुरू झाली, तर आधी व्हेपर लॉकचा, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ अडकल्याचा संशय घ्या. दाब कमी, म्हणून पेट्रोल लवकर उकळतं. तिथे ऑक्टेन बदलण्यापेक्षा पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर न्या.