काखेतला थर्मामीटर

श्रोतेहो, नमस्कार. बुरशी म्हटलं की ओल धरलेली भिंत आठवते. आजची बुरशी मात्र डोळ्यांना दिसत नाही. नाव कॅन्डिडा ऑरिस. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. २००९ साली जपानमध्ये एका वृद्ध बाईंच्या कानात सापडली म्हणून हे बारसं. ती रक्तात शिरली तर जिवावर बेतते, आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध तिच्यावर बहुतेक वेळा चालतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सर्वांत घातक बुरशींची यादी काढली, तिच्या वरच्या गटात हिचं नाव आहे.

आता गोष्ट ऐका. इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड, तिथल्या मोठ्या रुग्णालयाचा मेंदूविकारांचा अतिदक्षता विभाग. २०१५ पासून एकामागून एक रुग्णांच्या अंगावर ही बुरशी सापडू लागली. डॉक्टरांनी सगळं केलं. रुग्ण वेगळे ठेवले, तपासण्या वाढवल्या, साफसफाई कडक केली. तरी नवे रुग्ण येतच राहिले. २०१७ पर्यंत आकडा ७० झाला. भिंती, खाटा, टेबलं तपासली, तिथं ती क्वचितच मिळाली.

मग सापडली कुठं? काखेत ताप मोजायच्या थर्मामीटरवर! वायरचा, पुन्हापुन्हा वापरायचा. एका रुग्णाच्या काखेतून काढला की पुढच्याच्या काखेत. आणि या बुरशीला अंगावरच्या जागांतली काख फार आवडते, काख आणि जांघ. म्हणजे आपणच तिला घरपोच नेऊन सोडत होतो की! ते थर्मामीटर हटवले, तेव्हा कुठं नवे रुग्ण कमी झाले. बाकीच्या उपायांनी नव्हे, थर्मामीटर हटवल्यावर.

माझं एक जुनं मत आहे. वायर असलेली वस्तू कुणीच नीट पुसत नाही. घरातला रिमोट शेवटचा कधी पुसला होता, आठवतं का? असो.

मुद्दा काय, तर ही बुरशी वस्तूंवर कित्येक आठवडे तग धरते. काही नेहमीची जंतुनाशकं तिच्यावर कमी पडतात, क्लोरीनची चालतात. आणि नुसतं फडकं फिरवून भागत नाही. जंतुनाशक पृष्ठभागावर ठरलेला वेळ ओलं राहायला हवं. पुन्हा सांगतो, ओलं राहायला हवं. लगेच कोरडं पुसलंत तर मेहनत वाया.

हातमोजे घातले म्हणजे हात धुवायला नकोत, असं समजणारे कर्मचारी मी पाहिलेत. मोजे काढल्यावरही हात जंतुनाशकानं चोळायचेच. भेटायला जाणाऱ्यांनीही आत जाताना आणि बाहेर येताना. धडधाकट माणसाला हिचा धोका कमी, पण बुरशी हातावरून पुढे जाते.

अंगावर ती असलेल्या माणसाला काहीच त्रास नसू शकतो, आणि ती महिनोन्‌महिने टिकते. म्हणून तुमच्या माणसाला दुसऱ्या रुग्णालयात हलवत असाल आणि पहिल्या ठिकाणी ही बुरशी सापडलेली असेल, तर दाखल करतानाच सांगा. काख आणि जांघेतला नमुना घेऊन ते तपासतील.

नमस्कार.