तक्रार करणारा प्रेक्षक

संध्याकाळी सातपासून मराठी वाहिन्यांवर एकापाठोपाठ एक मालिका लागतात आणि भाग संपण्याआधीच समाजमाध्यमांवर त्याची चिरफाड सुरू होते. ‘किती पाणी घालाल?’, ‘नायिकेला एवढी साधी गोष्ट कळू नये?’ असे लिहिणाऱ्यांना ‘मग बघता कशाला?’ असे विचारून गप्प केले जाते. हा प्रश्न अन्यायाचा आहे, कारण तक्रार करणारा हाच बहुधा त्या मालिकेचा सर्वांत जागरूक प्रेक्षक असतो.

दिवाणखान्यात एखादे गुपित फुटते, तो प्रसंग पाहा. घरातली आठ-दहा माणसे जागच्या जागी खिळतात, कॅमेरा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर थांबतो, पार्श्वसंगीत चढत जाते आणि जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा भाग तिथेच संपतो; दुसऱ्या दिवशी सुरुवात पुन्हा त्याच चेहऱ्यांपासून होते. काल सोफ्यावर बसलेली आत्या आज जिन्यापाशी कशी, वर्षभरापूर्वी घडलेली घटना लेखक विसरले कसे, हे सगळे पहिल्या भागापासून कथा लक्षात ठेवणारा माणूसच विचारू शकतो.

हे ताणणे कुठून आले? दूरदर्शनवरच्या तेरा भागांच्या मालिकांना आपला शेवट आधीपासून ठाऊक असे. रोजच्या मालिकांनी हे गणित बदलले. 1999 मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ आली, तर ई टीव्ही मराठीवर 2001 मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालून 2013 मध्ये संपली. मालिका लोकप्रिय असेपर्यंत संपवायचीच नाही, असे ठरल्यावर कथेला वळण नव्हे, ठिगळच लागते. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचे लांबलेले गरोदरपण 2015 च्या सुमारास घरोघरी व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदाचा विषय झाले होते, पण त्या विनोदामागे जान्हवीचे चांगले व्हावे अशी खरी ओढ असलेलेच प्रेक्षक होते.

मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. खलनायकाची भूमिका करणाऱ्या कलावंताला त्याच्या व्यक्तिगत पानावर जाऊन शिव्या देणे ही तक्रार नव्हे. कथा त्याने लिहिलेली नसते आणि त्या दिवसाचे संवादही अनेकदा चित्रीकरणाच्या दिवशीच त्याच्या हाती पडतात.

खरी अडचण मोजमापात आहे. बार्क ही संस्था निवडक घरांतल्या यंत्रांवरून दर आठवड्याला टीआरपी काढते. त्या घरात कोणती वाहिनी लागली होती आणि कोण बघत होते, एवढे त्या यंत्राला कळते. बघणारी बाई कौतुकाने बघत होती की ‘आता पुरे’ म्हणत, हे कळत नाही. त्यामुळे वैतागून पाहिलेला भागही आवडीने पाहिलेल्या भागाइतकाच वजनदार ठरतो आणि वाहिनीला तोच प्रसंग आणखी आठवडाभर लांबवण्याचे बळ मिळते.

संयमाने संपवलेल्या कथेला हाच प्रेक्षक भरभरून दाद देतो. 2012 मध्ये सुरू झालेली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ पुढे वर्षानुवर्षे ओढली गेली नाही, आणि घना-राधाची आठवण लोक आजही आपुलकीने काढतात. रोज रात्री तक्रार लिहिणाऱ्यांचे मागणे यापेक्षा फारसे वेगळे नाही: कथेला शेवट द्या, आणि तो आधी ठरवून मगच पहिला भाग चित्रित करा.