तुकड्यांमधून कोण चाललं?

(दृश्य : उजाड माळ. सूर्य मावळतीला.)

तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा. शिवाय एक होला आणि पारव्याचं एक पिल्लू. अब्रामानं जनावरं मधोमध चिरली आणि अर्ध्यासमोर अर्धं असे तुकडे मांडले. पाखरं मात्र चिरली नाहीत. मांसावर हिंस्र पक्षी झेपावू लागले, तसा तो त्यांना हाकलत राहिला.

बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातला हा प्रसंग. तुझी संतती आकाशातल्या ताऱ्यांइतकी होईल आणि ही भूमी तुला मिळेल, असं देवानं अब्रामाला सांगितलं होतं. अब्राम म्हातारा, मूलबाळ नाही. त्यानं सरळ विचारलं, हे मला मिळेल ते कशावरून समजू? त्यावर देवानं युक्तिवाद केला नाही. जनावरं आण, म्हणाला.

आपल्याला हे विचित्र वाटतं. अब्रामाला तसं वाटलं नसावं, कारण जनावर कापून करार करण्याची रीत प्राचीन पश्चिम आशियात माहीत होती.

(दृश्य : कोरीव अक्षरांचा दगडी स्तंभ.)

सीरियात अलेप्पोजवळ सफीरे इथे सापडलेल्या दगडी स्तंभांवर इ.स.पूर्व आठव्या शतकातला एक अरामी करार कोरलेला आहे. अर्पादचा राजा मतिएल याच्याशी झालेला. त्यातला मजकूर असा की, हे वासरू जसं कापलं जातंय, तसाच करार मोडल्यास मतिएल कापला जावो. जनावर म्हणजे शपथ घेणाऱ्याचंच भविष्य.

बायबलमध्येही हाच अर्थ स्पष्ट येतो, यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात. यरुशलेमला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा पडलेला असताना तिथला राजा सिद्कीया यानं लोकांशी करार केला की इब्री गुलामांना मोकळं करायचं. वासरू चिरून सरदार आणि लोक त्याच्या तुकड्यांमधून चालले. पुढे संकट टळल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी तेच गुलाम पुन्हा धरून आणले. यिर्मयानं सुनावलं, तुम्ही त्या वासरासारखे व्हाल, तुमची प्रेतं पाखरं खातील.

म्हणजे जो तुकड्यांमधून चालतो, तो शाप स्वतःवर ओढवून घेतो. आता पुन्हा अब्रामाच्या माळावर या. सूर्य मावळला, आणि त्याला गाढ झोप लागली. अंधारात धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून पुढे गेली. अग्नी आणि धूर ही देवाच्या उपस्थितीची खूण मानली जाते. अब्राम चाललाच नाही. दुबळ्यानं जी शपथ घ्यायची, ती इथे समर्थानं घेतली. ख्रिस्ती विचारातल्या कराराचं सगळं मर्म मला या एका दृश्यात दिसतं.

याआधी नोहाशी झालेला करारही एकतर्फीच होता. पृथ्वी पुन्हा जलप्रलयानं नष्ट करणार नाही, हे वचन माणसांनाच नव्हे, तर सगळ्या सजीवांना दिलेलं. खूण म्हणून ढगातलं धनुष्य, म्हणजे इंद्रधनुष्य. माणसानं काय करावं, यावर ते अवलंबून नाही.

सीनाय डोंगरावर मात्र चित्र पालटतं.

(दृश्य : खडकाळ डोंगर, खाली तंबू.)

मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना देव सांगतो, माझं ऐकाल आणि माझा करार पाळाल, तर तुम्ही माझी खास प्रजा व्हाल. इथे ‘तर’ आला. त्यांचा पुढारी मोशे यानं डोंगराच्या पायथ्याशी वेदी बांधली, बारा वंशांसाठी बारा स्तंभ उभारले. बैलांचं अर्धं रक्त वेदीवर टाकलं. कराराचं पुस्तक वाचून दाखवलं. लोक म्हणाले, परमेश्वरानं सांगितलं ते सगळं आम्ही पाळू. मग उरलेलं रक्त त्यांच्यावर शिंपडलं. आणि थोड्याच दिवसांत, मोशे डोंगरावर असतानाच, खाली पूजेसाठी सोन्याचं वासरू तयार! शाब्दिक होकार किती टिकतो, याचं एवढं सडेतोड वर्णन आपल्याच पूर्वजांबद्दल लिहून ठेवणारे लोक विरळा.

हा करार मोडला तर काय, याची यादी बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे, आणि ती अंगावर येते. तुमच्यावरचं आकाश पितळेचं होईल, पायाखालची जमीन लोखंडाची. अश्शूरचा राजा एसरहद्दोन यानं इ.स.पूर्व ६७२ मध्ये मांडलिकांकडून निष्ठेची शपथ घेतली, तिच्या मातीच्या पाट्या १९५५ मध्ये निमरूदला सापडल्या. त्यातही धातूचं आकाश आणि लोखंडाची जमीन आहे. सम्राट आणि मांडलिक यांची भाषा त्या काळी सगळ्यांना कळत होती. बायबलनं ती देवासाठी वापरली.

पुढे इस्राएलचा राजा दावीद याला वचन मिळालं, तुझं सिंहासन कायम राहील. आणि सिद्कीयाच्याच काळात यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, राजाला साखळदंडांत बाबेलला नेलं. मग करार संपला का?

त्याच पडझडीच्या काळातल्या यिर्मयाच्या पुस्तकात ‘नवा करार’ हे शब्द येतात. दगडी पाट्यांवर नाही, देव आपलं नियमशास्त्र माणसांच्या हृदयावर लिहील. त्यांचे अपराध क्षमा करील, त्यांची पापं पुन्हा आठवणार नाही.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं द्राक्षारसाचा प्याला हातात घेऊन म्हटलं, हा माझ्या रक्तातला नवा करार. मेजाभोवती बसलेल्या यहुदी शिष्यांना त्यात मोशेनं शिंपडलेलं रक्त ऐकू आलं असणारच. दुसऱ्या दिवशी येशू क्रुसावर होता.

प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हे सगळे धागे एकत्र ओढतो. अब्राहामाला (अब्रामाचंच हे पुढचं नाव) दिलेलं वचन आधीचं. ४३० वर्षांनंतर आलेलं नियमशास्त्र ते रद्द करू शकत नाही. आणि मोडलेल्या कराराचा शाप? तो, पौल म्हणतो, ख्रिस्तानं आपल्यासाठी स्वतःवर घेतला. माळावर तुकड्यांमधून जो चालला, त्यानंच शेवटी शपथेची किंमत मोजली, असं ख्रिस्ती विश्वास मानतो.

मग यहुद्यांशी, म्हणजे त्या इस्राएल लोकांच्या वंशजांशी, झालेल्या कराराचं काय? इथे चर्चचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. दुसऱ्या शतकात मार्कियन या ख्रिस्ती शिक्षकानं इब्री शास्त्रच, म्हणजे बायबलचा येशूआधीचा भागच, नाकारला. चर्चनं त्याला बाहेर काढलं. तरीही देवानं यहुद्यांना टाकून दिलं, ही शिकवण शतकानुशतकं चालली आणि तिची झळ यहुद्यांना बसली. वास्तविक रोमकरांस पत्रात पौलानंच लिहिलंय की देव आपली दानं आणि पाचारण मागे घेत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये याच वचनाचा आधार घेतला. १९८० मध्ये जर्मनीतल्या माइन्झ शहरात यहुदी प्रतिनिधींसमोर पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुना करार देवानं कधीच रद्द केलेला नाही, असं म्हटलं. सगळ्या ख्रिस्ती पंथांचं यावर एकमत झालेलं नाही.

(दृश्य : प्रार्थनामंदिर, उभे राहिलेले उपासक.)

माणसाच्या वाट्याला काय उरतं, याचं उत्तर पंथागणिक बदलतं. सुधारित (रिफॉर्म्ड) या प्रॉटेस्टंट परंपरेत बाप्तिस्मा ही सुंतेच्या जागी आलेली कराराची खूण मानतात आणि म्हणून तान्ह्या मुलांनाही देतात; बॅप्टिस्ट मंडळी स्वतःच्या कबुलीशिवाय देत नाहीत. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये करार-उपासना घेतली. मेथडिस्ट मंडळ्यांत ती आजही होते, बहुतेक ठिकाणी नव्या वर्षाच्या सुरुवातीला. मी आता माझा नाही, तुझा आहे, असं उपासक देवाला म्हणतात. ते दरवर्षी पुन्हा म्हणावं लागतं, आणि त्यानंतर प्रभुभोजनाचा प्याला दिला जातो.